बौद्ध लेकीचा वारसाहक्क : किन्नौर-स्पितीची प्रथा आणि आपला सातबारा

वडिलांच्या जमिनीत मुलीला वाटा आहे का, असा प्रश्न आला की आपल्याकडचा कार्यकर्ता लगेच "हो, समान वाटा आहे" असे सांगतो. महाराष्ट्रातल्या बौद्ध कुटुंबापुरते हे उत्तर बरोबर आहे. पण तोच प्रश्न हिमाचल प्रदेशातल्या किन्नौर किंवा लाहौल-स्पिती जिल्ह्यातल्या बौद्ध मुलीने विचारला, तर कायदा तिला वेगळे उत्तर देतो. तिथे वारसा प्रथेप्रमाणे चालतो आणि प्रथेत मुलीला जमीन नाही. दोघीही बुद्धाला शरण गेलेल्या, दोघीही भारताच्या नागरिक. तरी एकीला हक्क आहे आणि दुसरीला नाही. हे का झाले आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे आम्ही इथे मांडत आहोत.

एका कलमाची दोन टोके

हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १४ ऑक्टोबरला, नागपूरला धम्मदीक्षा झाली. दीक्षा घेतल्यावर आपण हिंदू राहिलो नाही, पण या कायद्यातून बाहेरही पडलो नाही. कारण कायद्याच्या कलम २ मध्येच तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू असल्याचे लिहिले आहे. नावात 'हिंदू' असलेला कायदा आपल्याला लावला जातो याची चीड अनेक कार्यकर्त्यांच्या मनात आहे. ती रास्त आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम ४ ने जुनी शास्त्रवचने, रूढी आणि प्रथा वारशाच्या बाबतीत रद्द ठरवल्या. मुलीला मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस केले तेही याच कायद्याने. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीच्या वाट्यासाठी जो आग्रह धरला होता, त्याचा अर्धामुर्धा का होईना, हा परिणाम होता. बिल रखडवले गेले हे त्यांच्या सप्टेंबर १९५१ च्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. पुढे ते बिल तुकड्या-तुकड्याने मंजूर झाले, तेव्हा त्यातून कोण वगळले गेले, याची चर्चा मात्र आपल्या व्यासपीठावर क्वचितच होते.

अनुसूचित जमाती वगळल्या गेल्या. कलम २ च्या दुसऱ्या उपकलमाप्रमाणे केंद्र सरकारने राजपत्रात वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना लागू होत नाही. आणि हिमालयातले बहुतेक बौद्ध अनुसूचित जमातीत येतात. हिमाचलच्या यादीत किन्नौरा, लाहौला, स्वांगला अशी नावे आहेत आणि एक नोंद तर 'भोट, बोध' अशीच आहे. म्हणजे सरकारी यादीत जिचे नावच 'बोध' आहे, त्या मुलीला बौद्धांना लागू असलेला वारसा कायदा लागू नाही.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधलेला आहे, जमातीचा तसा नाही. आदिवासी व्यक्तीने बौद्ध धम्म स्वीकारला तरी तिची जमात कायम राहते. म्हणून महाराष्ट्रातलेही एखादे गोंड किंवा भिल्ल कुटुंब बौद्ध झाले, तर शेजारच्या बौद्ध कुटुंबातल्या मुलीला जो कायदा लागू आहे, तो त्यांच्या मुलीला आपोआप लागू होत नाही.

प्रथा म्हणजे नेमके काय

स्पितीत जुनी रीत अशी की घर आणि जमीन थोरल्या मुलाकडे जाते. तो मोठ्या घरात येतो, आईवडील लहान घरात राहायला जातात आणि धाकटे मुलगे गोम्पात भिक्खू होतात. किन्नौरमध्ये अनेक भाऊ मिळून एकच पत्नी करण्याची रीत होती. दोन्हीमागचे गणित एकच. शेती फार थोडी, बर्फ निम्मे वर्ष, जमीन तुटली तर कुणाचेच पोट भरणार नाही. हे कारण खोटे नव्हते. पण जमीन एकसंध ठेवण्याची किंमत कुणी मोजली? धाकट्या मुलाला निदान गोम्पात जागा आणि मान मिळत होता. लग्न न करता घरी राहिलेली बहीण, किंवा चीवर घेऊन आईबापाच्याच घरात राहिलेली 'जोमो', आयुष्यभर त्याच शेतात राबायची आणि तिचे नाव कुठल्याच कागदावर यायचे नाही. आता तर त्या शेतांत सफरचंदाच्या बागा आहेत, रोख पैसा आहे आणि बहुपतित्व जवळपास मागे पडले आहे. ज्या अडचणीसाठी प्रथा होती ती अडचण बदलली. मुलीला वगळणे तेवढे उरले.

वडिलांनी हयातीत कागद करून काही दिले तर गोष्ट वेगळी, एरवी किन्नौरमध्ये मुलगी आणि बऱ्याचदा विधवाही घरातल्या पुरुषांच्या मर्जीवर राहते. तिथल्या महिला कल्याण परिषदेच्या रतन मंजरी यांनी या प्रश्नावर अनेक वर्षे गावोगाव फिरून महिलांना उभे केले आहे. आपल्या जयंती-परिनिर्वाणाच्या व्याख्यानमालांतून त्यांचे नाव ऐकू येत नाही, ही आपल्या चळवळीच्या नकाशातली उणीव आहे.

प्रथा सगळीकडे मुलीच्या विरोधातच असते असे मात्र कुणी समजू नये. मेघालयात खासी समाजात घर धाकट्या मुलीकडे जाते. लडाखमध्ये घरात मुलगा नसेल तर मुलगी घराची वारस होते आणि तिचा नवरा 'मगपा' म्हणून तिच्या घरी राहायला येतो. आपल्याकडच्या घरजावयासारखी त्याची चेष्टा होत नाही, ती मान्य पद्धत आहे. श्रीलंकेत कँडीच्या बौद्धांमध्ये 'बिन्न' आणि 'दीग' असे लग्नाचे दोन प्रकार आहेत. बिन्न लग्नात जावई सासरी येतो आणि मुलीचा वाटा शाबूत राहतो. दीग लग्न करून मुलगी नवऱ्याच्या घरी गेली, की भावांसमोर तिचा वडिलांच्या मालमत्तेवरचा वाटा जातो. ब्रिटिश काळात १९३८ च्या अध्यादेशाने हेच नियम लेखी झाले. म्हणजे देश बौद्ध असला म्हणून लेकीचा वाटा सुरक्षित होतो असे नाही.

बुद्धवचनात याला आधार शोधणाऱ्यांनी सिगालोवाद सुत्त पुन्हा वाचावे. आईवडिलांच्या पाच कर्तव्यांत योग्य वेळी अपत्यांच्या हाती वारसा सोपवणे हे एक कर्तव्य सांगितले आहे. कोसल देशाच्या पसेनदी राजाला मुलगी झाली म्हणून तो खट्टू झाला, तेव्हा भगवंतांनी त्याची समजूत मुलीचा मोठेपणा सांगून काढली, हेही संयुत्त निकायात आहे. लेकीला वगळण्याची प्रथा धम्मातून आलेली नाही. ती जमिनीच्या व्यवहारातून आली आणि धम्माच्या शेजारी बसली.

प्रथा कुणी लिहिली

किन्नौर-लाहौल-स्पितीत वारशाचा वाद उभा राहिला की १९२६ च्या 'वाजिब-उल-अर्ज' या नोंदीचे नाव घेतले जाते. वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या रूढींची महसुली नोंद. याच जातीची दुसरी नोंद म्हणजे 'रिवाज-ए-आम'. जुन्या पंजाब प्रांतात १८७२ च्या कायद्याने वारशाच्या बाबतीत प्रथेला पहिला मान दिला होता, म्हणून बंदोबस्ताचे अधिकारी गावोगाव जाऊन प्रथा विचारून लिहून घेत. विचारत कुणाला? लंबरदाराला, जमीनदारांना, गावच्या कर्त्या पुरुषांना. "तुमच्यात बहिणीला वाटा असतो का?" हा प्रश्न भावाला विचारला गेला. बहिणीला तो कुणी विचारला नाही.

हा आमचा नुसता आरोप नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच जय कौर विरुद्ध शेरसिंग या पंजाबातल्या खटल्यात हे मान्य केले आहे. रिवाज-ए-आममधली नोंद खरी मानून चालावे लागते, पण ती स्त्रियांच्या हक्काविरुद्ध असेल आणि त्यांना महसूल अधिकाऱ्यापुढे बोलण्याची संधीच मिळाली नसेल, तर ते गृहीतक दुबळे ठरते आणि थोड्याशा उदाहरणांनीही ते खोडून काढता येते, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून एखाद्या गावात चार-दोन मुलींना वाटा मिळाल्याचे जुने दाखले असतील, तर ते शोधून, जपून ठेवणे हे मोठे काम आहे. मोर्च्यापेक्षा कंटाळवाणे, पण न्यायालयात हेच उपयोगी पडते.

न्यायालयात काय झाले

आदिवासी मुलींच्या वाट्याचा पहिला मोठा निकाल १९९६ चा, मधु किश्वर विरुद्ध बिहार राज्य. छोटा नागपूर कुळकायद्यात वारसा फक्त पुरुषांकडे जात होता. बहुमताने ती तरतूद रद्द केली नाही. घरातली बाई त्या जमिनीवर जगत असेल तोवर पुरुष वारसांनी तिला हुसकावू नये, एवढेच संरक्षण दिले. म्हणजे पोटापुरती जमीन मिळाली, मालकी नाही. न्यायमूर्ती के. रामस्वामी यांनी मात्र वेगळा निकाल लिहून स्त्रियांना समान वारस मानले.

यानंतरच्या काळात एक विचित्र वाट तयार झाली. एखादी जमात 'हिंदू रीतिरिवाज पाळते' असे सिद्ध झाले, तर तिला हिंदू वारसा कायदा लावता येतो, असा मार्ग न्यायालयांनी स्वीकारला. २००० साली एका संथाल कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असेच केले. आता स्पितीच्या बौद्ध मुलीने हा मार्ग कसा वापरायचा? वडिलांच्या जमिनीसाठी आपण हिंदू वळणाच्या आहोत हे शपथेवर सांगायचे? हा मार्ग आपल्यासाठी बंद आहे आणि बंदच राहावा.

हिमाचल उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये सरळ पाऊल उचलले. स्त्रियांवरचा सामाजिक अन्याय थांबावा म्हणून राज्याच्या आदिवासी भागातल्या मुलींना हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वाटा मिळेल, असा निर्देश निकालात दिला. किन्नौरमध्ये आशा निर्माण झाली. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो निर्देश निकालातून काढून टाकण्यात आला. कलम २ चे दुसरे उपकलम स्पष्ट असताना न्यायालय तो कायदा जमातींना लावू शकत नाही, असे कारण दिले गेले. कायद्याच्या शब्दाकडे पाहिले तर हा निकाल चुकीचा म्हणता येत नाही. चूक त्या शब्दातच आहे आणि ती दुरुस्त करायची जागा संसद आहे. खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच डिसेंबर २०२२ मध्ये कमला नेती प्रकरणात केंद्र सरकारला हे सुचवले होते. बिगर-आदिवासी मुलीला समान वाटा मिळतो, तर आदिवासी मुलीला का मिळू नये, असा प्रश्न विचारून दुरुस्तीचा विचार करा, असे त्या निकालात म्हटले आहे.

मधल्या काळात जुलै २०२५ मध्ये एक वेगळा निकाल आला, रामचरण विरुद्ध सुखराम. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबातल्या मुलीच्या वारसांनी आजोळच्या मालमत्तेत वाटा मागितला होता. खालच्या न्यायालयांनी त्यांनाच विचारले, तुमच्यात मुलीला वाटा देण्याची प्रथा आहे हे सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयाने ही मांडणी उलटी ठरवली. मुलीला वगळण्याची प्रथा आहे असे गृहीत धरून चालता येणार नाही. वगळणारी प्रथा सिद्ध झाली नाही, तर संविधानाचे कलम १४ आणि न्यायबुद्धी मुलीच्या बाजूने उभी राहते. त्या मुलीच्या वारसांना समान वाटा मिळाला.

ज्या जमातींत काहीच लिहिलेले नाही, त्यांना या निकालाचा फायदा होईल. महाराष्ट्रातल्या आदिवासी भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो जवळ ठेवावा. किन्नौर-स्पितीत मात्र प्रथा कागदावर लिहिलेली आहे, म्हणून तिथल्या बहिणींची लढाई अवघड आहे. त्यांना आधी १९२६ च्या नोंदीशी झगडावे लागते. संविधानाच्या कलम १३ मध्ये 'कायदा' या शब्दात रूढी आणि प्रथाही धरल्या आहेत, म्हणून मूलभूत हक्काविरुद्धची प्रथा टिकू नये, हा युक्तिवाद सगळ्यांत भक्कम आहे. तो आजवर शेवटपर्यंत नेला गेलेला नाही.

"जमीन बाहेर जाईल"

मुलीला वाटा दिला, तिने बाहेरच्याशी लग्न केले, की जमातीची जमीन बाहेरच्यांच्या हाती जाईल, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याची टिंगल करून चालणार नाही. आदिवासींची जमीन कशी लुटली गेली हे आपण पाहिले आहे. पण हिमाचलात अनुसूचित जमातीच्या व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासीला हस्तांतरित करण्यावर १९६८ पासून कायद्याने निर्बंध आहेत. शिवाय १९७२ च्या कुळकायद्याचे कलम ११८ शेतकरी नसलेल्याला जमीन घेऊ देत नाही. बाहेर लग्न केलेल्या मुलीच्या मुलांचे काय, हा प्रश्न खरा आहे, आणि कायदा करताना त्याला स्पष्ट उत्तर द्यावे लागेल. पण बाहेर लग्न करणाऱ्या मुलाच्या बाबतीत जमीन जाण्याची हीच भीती कुणी बोलून दाखवत नाही. यावरून या भीतीत जमिनीची काळजी किती आणि लेकीला न देण्याची सवय किती, ते ओळखावे.

स्वतंत्र बौद्ध व्यक्तिगत कायद्याची मागणी करणाऱ्या साथींना आमचे सांगणे आहे. ती मागणी आमचीही आहे. पण आजवरची चर्चा विवाहविधी आणि 'हिंदू' या शब्दाभोवतीच फिरते. मसुद्यात वारशाचे प्रकरण पहिले यावे, मुलीचा वाटा १९५६ आणि २००५ च्या कायद्यांपेक्षा तसूभरही कमी नसावा आणि अनुसूचित जमातीच्या बौद्धांना तो कसा लागू होणार हे त्यात लिहिलेले असावे. तेही त्या जमातींतल्या स्त्रियांशी बोलून. नाहीतर १९२६ चीच पद्धत आपण पुन्हा वापरू, फक्त विचारणारे आणि सांगणारे पुरुष यावेळी आपले असतील. आदिवासींना वगळून 'समान' म्हणवणारा कायदा कसा असतो, ते उत्तराखंडच्या समान नागरी कायद्यात दिसतेच.

आपल्या घरात

किन्नौरकडे बोट दाखवताना महार वतनाचा इतिहासही आठवावा. मुंबई इलाख्यात १८८६ च्या दुरुस्ती कायद्याने वतनाच्या वारसाक्रमात शेवटच्या मालकाची विधवा सोडून घरातल्या बाकी सर्व स्त्रियांना पुरुष वारसांच्या मागे टाकले होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि ती जमीन पुढे साध्या वारसा कायद्याच्या कक्षेत आली. तरी "वतनात बहिणीला नसते" हे वाक्य आजही वाटणीच्या बैठकीत ऐकू येते. त्याला आज कायद्याचा आधार नाही.

महाराष्ट्राने जून १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अटही गेली. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत की नको, यावर बरीच वर्षे वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तो मिटला. हक्क जन्माने येतो, वडील हयात असणे जरुरीचे नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मात्र यामुळे उकरता येत नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मृत्युपत्र नसेल तर मुलगी, मुलगा, पत्नी आणि आजी हयात असेल तर आजी, सगळ्यांचा सारखा वाटा.

हक्क जातो तो बहुतेक वेळा कागदावर सही केल्याने. वडील गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतो. माहेर तुटेल या भीतीने बहीण सही करते, आणि बौद्ध घरे याला अपवाद नाहीत. म्हणून थोडी व्यवहाराची माहिती. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आता पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीतून करता येतो. तो मुलगीही करू शकते, भावाची वाट पाहावी लागत नाही. वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, सर्व बहिणींची नावे आली आहेत का ते पाहावे. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. नोंद मंजूर झालीच तर ६० दिवसांत प्रांताकडे अपील करता येते. सातबाऱ्यावर नाव लागले नाही म्हणून मालकी संपत नाही, कारण फेरफार ही महसुली नोंद आहे. वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात करता येतो.

हक्कसोडपत्र नोंदणीकृत असेल तरच त्याला अर्थ आहे. साध्या स्टॅम्पपेपरवर किंवा तोंडी "मला नको" म्हटल्याने वाटा जात नाही. नोंदणीकृत कागदावर एकदा सही झाली की ती मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करून तो कागद न्यायालयातून रद्द करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांचीच मुदत असते.